अठरा अंशांवरचा ध्रुव

कॅनरी बेटांवरून कॅरिबियन समुद्राकडे शिडाच्या बोटीने जायचे असेल, तर निघाल्याबरोबर पश्चिमेला वळून चालत नाही. आधी आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून दूर राहून नैऋत्येकडे उतरावे लागते. लोणी वितळू लागेपर्यंत दक्षिणेला जा आणि मग पश्चिमेला वळा, असे जुने खलाशी सांगत आले आहेत, आणि उपग्रहांवरून आलेले हवामानाचे नकाशे हाताशी असतानाही बहुतेक बोटी आज जवळपास तेच करतात. तीस अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास हवा वरून खाली उतरते, तेथून विषुववृत्ताकडे वाहू लागते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पश्चिमेकडे कलते. ईशान्येकडून अखंड येणारे व्यापारी वारे ते हेच. जॉर्ज हॅडली यांनी त्यांचे कारण १७३५ मध्ये मांडले, पण त्याच्या सुमारे अडीचशे वर्षे आधी, १४९२ मध्ये, कोलंबस ला गोमेरा बेटावरून निघाला तो याच वाऱ्याच्या भरवशावर.

आमची चाळीस फुटी बोट डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून निघाली. कॅरिबियनमधल्या सेंट लुसिया बेटापर्यंतचे अंतर सुमारे २७०० सागरी मैल, म्हणजे चांगला वारा मिळाला तर तीन आठवड्यांच्या आसपासचा प्रवास. बोटीवर आम्ही चौघे होतो. बोट ज्यांची ते काका मूळचे मालवणचे, सारे आयुष्य व्यापारी जहाजांवर काढलेले, काकू समुद्राच्या बाबतीत त्यांच्याइतक्याच जाणत्या, त्यांचा एक भाचा, आणि मी. माझे गाव धाराशिव जिल्ह्यात, तेरपासून जवळ. शिक्षण लातूरला झाले, नोकरी पुण्यात मिळाली आणि शिडाचा दोर हातात धरायला मी खडकवासल्याच्या पाण्यावर शिकले. त्या प्रवासातले काही क्षण मला लिहून ठेवायचे आहेत, कारण ते आठवू लागले की माझे गाव त्यांत आपोआप येते, ओढूनताणून आणावे लागत नाही.

सगळ्यांत आधी पाण्याबद्दल लिहायला हवे. बोटीच्या दोन टाक्यांत मिळून साधारण चारशे लिटर गोडे पाणी मावत होते. खाऱ्या पाण्याचे गोडे करणारे यंत्र काकांनी बसवलेले नव्हते. बिघडू शकणाऱ्या वस्तूवर तहान सोपवायची नाही, असा त्यांचा नियम होता. वाटेत विलंब होईल हे गृहीत धरून काकूंनी माणशी दिवसाला चार लिटरांचा हिशेब मांडला. त्यात पिणे, स्वयंपाक, चहा आणि दात घासणे एवढे बसवायचे. भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची आणि शेवटी त्यांच्यावर गोड्या पाण्याचा एक फवारा मारायचा. भात लावताना तीन वाट्या गोड्या पाण्यात एक वाटी समुद्राचे पाणी घालायचे, म्हणजे मीठ वेगळे लागत नाही. आंघोळीला दोरी बांधलेल्या बादलीने समुद्र वर ओढायचा आणि अखेरीस अंगावरचे खार उतरवायला पेलाभर गोडे पाणी घ्यायचे. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि आपली मूत्रपिंडे इतके तीव्र खारे मूत्र तयार करू शकत नाहीत. म्हणून ते पाणी पिणाऱ्याच्या शरीरातून प्यालेल्यापेक्षा जास्त पाणी बाहेर पडते. क्षितिजापर्यंत पाणी आणि त्यातला एक पेलासुद्धा आपला नाही, ही गोष्ट पुस्तकात वाचणे वेगळे आणि घसा कोरडा पडलेला असताना सुकाणूवर बसून जाणणे वेगळे.

काकूंनी हा हिशेब समजावून सांगितला तेव्हा भाचा गंभीर झाला. मला मात्र त्यात नवे काही वाटले नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मी लातूरला भाड्याच्या खोलीत राहून शिकत होते. त्या वर्षी शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पहिली गाडी दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन स्थानकात आली. भाजी धुतलेले पाणी फरशीला, फरशी पुसलेले पाणी संडासाला, हा क्रम आम्हा मुलींच्या अंगवळणी पडला होता. पेल्यात उष्टे पाणी सोडून उठणारी मुलगी सगळ्यांच्या नजरेत यायची. तो धडा अटलांटिकवर जसाच्या तसा उपयोगी पडला.

पण दोन्हींत एक फरक होता आणि तो मला प्रवासभर जाणवत राहिला. लातूरमध्ये त्या उन्हाळ्यात ज्याच्याजवळ पैसा होता त्याच्या दारात खासगी टँकर उभा राहत होता, आणि ज्याच्याजवळ नव्हता तो घागरी घेऊन पहाटेपासून रांगेत. बोटीवरचे पाणी सगळ्यांचे एकच होते. बोटीचे मालक असलेले काका आणि फुकट सोबत आलेली मी, दोघांच्या वाट्याला तेच चार लिटर. पाणी थोडे आहे म्हणून माणसे भांडतात असे म्हणतात, पण आमच्याकडे इतके थोडे पाणी असून एकदाही वाद झाला नाही, कारण टाकीत किती उरले हे चौघांनाही रोज संध्याकाळी मोजपट्टीवर दिसत होते. टंचाईपेक्षा न दिसणारा हिशेब माणसांना अधिक कडवट करतो, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

रात्रीचे पहारे तीन-तीन तासांचे होते. सुरुवातीच्या रात्री चंद्र पूर्ण होता आणि समुद्र इतका उजळलेला असे की दोन्ही बाजूंना दांड्यांवर ताणलेल्या शिडांची शिवण वाचता येई. मग चंद्र उशिरा उगवू लागला आणि आकाश ताऱ्यांच्या ताब्यात गेले. डिसेंबरच्या मध्यास मिथुन राशीतून उल्का पडतात. त्यांतली एक तर इतकी सावकाश आणि इतकी तेजस्वी गेली की शिडावर क्षणभर उजेड पडला, आणि खाली झोपलेल्या कोणाला तरी उठवून सांगावे असे वाटले. पण समुद्रावर कोणाची झोप मोडणे हा मोठा अपराध आहे, म्हणून ती माझ्यापुरतीच राहिली.

लास पाल्मास २८ अंश उत्तरेला आहे आणि सेंट लुसिया १४ अंशांवर. त्यामुळे जसजसे आम्ही उतरत होतो तसतसा मागचा ध्रुव क्षितिजाकडे झुकत होता आणि दक्षिणेकडे अगस्त्य वर चढत होता. निघताना अगस्त्य क्षितिजापासून जेमतेम नऊ अंश वर येत होता; शेवटी शेवटी तो वीस अंशांच्याही वर येऊन निश्चिंतपणे चमकू लागला. पहाटेच्या पहाऱ्यात पुढे त्रिशंकू हा दक्षिणेचा तारकासमूहही दिसू लागला. ज्याने समुद्र पिऊन टाकला अशी कथा आपल्याकडे सांगतात त्याच ऋषीच्या नावाचा तारा समुद्रावर वाट दाखवायला उभा असतो, हे मला त्या रात्रींत फार आवडून गेले.

काका रोज दुपारी आणि संध्याकाळी सेक्स्टंट, म्हणजे क्षितिजापासून सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचे यंत्र, काढत. जीपीएस चालू असे, तरीही ते कोन घेत आणि आम्हाला घ्यायला लावत. तारा आणि क्षितिज दोन्ही एकदम दिसतात तो वेळ संधिप्रकाशाचा, अगदी थोडा. अशाच एका संध्याकाळी मी ध्रुव आरशात पकडला, हलत्या बोटीवर गुडघे टेकून तो हळूहळू क्षितिजरेषेवर उतरवला आणि कोन वाचला. ध्रुव आकाशाच्या ध्रुवबिंदूवर नेमका बसलेला नाही, अर्ध्या अंशाहून थोडा अधिक बाजूला आहे. त्याची दुरुस्ती कोष्टकातून करावी लागते. ती करून उत्तर आले अठरा अंश आणि काही कला. ताऱ्याची ही उंची म्हणजेच आपला अक्षांश. मी आकडा वहीत लिहिला आणि मग लक्षात आले की हा माझ्या गावाचा आकडा आहे.

आमच्या जुन्या घराला माळवद आहे. उन्हाळ्यात आम्ही सगळे त्यावर झोपायचो आणि उत्तरेला शेजारच्या शेवग्याच्या शेंड्याशी ध्रुव ठरलेल्या जागी असायचा. तीच उंची आता माझ्या हातातल्या यंत्रात होती. गावाकडे त्या वेळी रात्रीचे दोन वाजत आलेले, घर झोपलेले. या अक्षांशावरून सरळ पूर्वेला निघाले, तर आधी मॉरिटानियाचा किनारा लागेल, मग माली, नायजर, चाड आणि सुदानचे वाळवंट, तांबडा समुद्र, सौदी अरेबिया, येमेन, ओमान, मग अरबी समुद्र. त्यापलीकडे मुरूड-जंजिरा, सह्याद्री आणि मग आमचा शेवगा. मी काकांना हे सांगितले. त्यांनी वही घेतली, माझी आकडेमोड पुन्हा तपासली, आणि नोंदवहीत त्या दिवसाच्या ओळीत तेरचे नाव लिहिले. मालवणच्या माणसाने ते लिहावे याचे मला फार अप्रूप वाटले.

तेरचे नाव समुद्राच्या नोंदीत पहिल्यांदा आले असे मात्र नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या पेरिप्लस या सागरी व्यापाराच्या पुस्तकात पैठण आणि तगर या दोन्ही गावांचा उल्लेख आहे. तगर म्हणजेच आमचे तेर. पैठणहून मौल्यवान दगड आणि तगरहून साधे कापड व मलमल गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलुखातून भडोच बंदराला जात असे, आणि तेथून मोसमी वाऱ्यावर तांबड्या समुद्राकडे. तेरच्या संग्रहालयात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी नाते सांगणारी एक मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पाँपेईच्या अवशेषांत सापडली, म्हणजे इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखी फुटण्याआधी ती तेथे पोचलेली होती. शाळेच्या सहलीत मी तेरची ती मूर्ती पाहिली होती आणि गोरोबाकाकांच्या देवळाकडे जाण्याच्या घाईत तिच्यापुढून निघून गेले होते. समुद्राचा इतिहास म्हणजे किनाऱ्याचा इतिहास अशी आपली समजूत आहे, आणि ती अपुरी आहे असे माझे मत आहे. जहाज भरल्याशिवाय निघत नाही, आणि ते भरण्यासाठी लागणारा कापूस पिकवणारे, सूत कातणारे आणि बैल हाकणारे हात किनाऱ्यापासून कितीतरी आत, काळ्या मातीत होते.

अर्ध्या वाटेच्या थोडे पुढे एका दुपारी एक पक्षी शिडाभोवती दोन घिरट्या घालून मागच्या कठड्यावर उतरला. पांढरा, पिवळ्या चोचीचा, मान आखडून बसलेला. मी त्याला पाहताक्षणी ओळखले, पण डोळ्यांवर विश्वास बसेना. तो गायबगळा होता. नांगरामागे आणि म्हशींच्या पायांत किडे टिपत फिरणारा, आमच्या शिवारातला रोजचा सोबती, किंवा त्याचा आफ्रिकेकडचा चुलतभाऊ म्हणा, हजार मैलांच्या परिसरात जमीन नसलेल्या जागी आमच्यासमोर बसला होता. ही जात आफ्रिकेतून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्वतःच्या पंखांवर अटलांटिक ओलांडून दक्षिण अमेरिकेत पोचली आणि तेथून साऱ्या खंडावर पसरली. हे मी कधीतरी वाचले होते. ते असे, एकेका दमलेल्या पक्ष्याने घडवलेले असते, हे त्या दुपारी कळले.

बगळा इतका थकलेला होता की माणसांना भीत नव्हता. डेकवरून चालत तो शिडाच्या सावलीत आला आणि उभ्या उभ्या डोळे मिटू लागला. त्याला खायला द्यायला आमच्याकडे किडे नव्हते. काकूंनी काही न बोलता आपल्या वाट्यातले अर्धी वाटी पाणी त्याच्यापुढे ठेवले आणि वाटी कलंडू नये म्हणून ती दोराच्या वेटोळ्यात बसवली. बराच वेळ त्याने तिच्याकडे पाहिलेही नाही. मग एकदा चोच बुडवली, मान वर केली, आणि पुन्हा बुडवली. त्या संध्याकाळी आम्ही तिघांनीही आपापल्या वाट्यातून थोडे थोडे काकूंच्या बाटलीत ओतले. त्यांनी नको म्हटले, पण फार जोराने नाही. बगळा रात्रभर तेथेच होता. पहाटे पहारा बदलताना भाच्याने त्याला पश्चिमेकडे जाताना पाहिले. त्याला अजून किती जायचे होते हे आम्हाला नकाशावरून माहीत होते आणि म्हणूनच त्या दिवशी कोणी त्याच्याविषयी फारसे बोलले नाही.

काही गोष्टी येथे थोडक्यात सांगते. सकाळी डेकवर उडते मासे पडलेले असत. आमच्या घरी माळकरी परंपरा, त्यामुळे ते मी खाल्ले नाहीत, पण काकांनी डोराडो मासा गळाला लावून वर घेतला तेव्हा त्याचे सोनेरी-हिरवे रंग पाहता पाहता राखाडी होत गेले आणि मी बघत राहिले. पुढे पुढे सरगॅसम या पिवळसर समुद्री शेवाळाचे लांबच लांब पट्टे लागले. २०११ पासून उष्ण अटलांटिकमध्ये ते फार वाढले आहे, आणि वाऱ्यावर चालणाऱ्या आमच्या सुकाणूच्या पात्याला ते अडकून बसे.

पाऊस मात्र थोडक्यात सांगण्यासारखा नाही. एका रात्री माझ्या पहाऱ्यात मागच्या बाजूचे तारे एकेक करून नाहीसे होऊ लागले. ढगाचा काळा पडदा आमच्यापेक्षा वेगाने येत होता. मी काकांना हाक मारली. ते वर येईपर्यंत वारा गार झाला होता, आणि वावझड आली तेव्हा अठरा नॉटचा वारा पाहता पाहता पस्तिशीपर्यंत गेला. एक शीड आम्ही पूर्ण गुंडाळले, दुसरे हातरुमालाएवढे ठेवले, आणि बोट तरीही पिसाटल्यासारखी धावत होती. मग पाऊस कोसळला. काका सुकाणूवर होते, आणि काकू आणि मी कनातीखाली बादल्या लावत होतो. पहिले पाणी तांबूस आले. सहाराची बारीक धूळ इतक्या दूरवर येऊन दोरांवर, शिडांवर बसलेली असते, ती आधी धुऊन जावी लागते. ते पाणी सोडून दिल्यावर निवळ आले. आम्ही बादल्या भरल्या, पातेली भरली, डाळ शिजवायचा कुकर भरला. कोणीही कोरडे राहण्याचा प्रयत्न केला नाही.

सह्याद्रीने ढग अडवलेल्या मुलुखात वाढलेल्या माणसाला पाऊस आला की काम सोडून दारात येऊन उभे राहण्याची सवय असते. बांधाच्या अलीकडे पडला आणि पलीकडे नाही, असा पाऊस आम्ही कितीदा पाहिला आहे. तो ढग पुढे निघून गेला तेव्हा रडारवर त्याची रुंदी दिसली, अगदी दोन-अडीच मैल. त्याच्या उत्तरेला असतो तर एक थेंब मिळाला नसता. "चेडवा, वारो पडलो. जा, नीज आता," असे काका म्हणाले, पण मी भरलेल्या बादल्यांवर झाकणे बांधून होईपर्यंत खाली गेले नाही. उजाडल्यावर पाहिले तर दांड्याच्या टोकातून जाणारा दोर घासून अर्धा झाला होता. असे घासणे संथपणे, न दिसता चालू असते, म्हणून काका रोज सकाळी दोर वीतभर पुढे सरकवत. त्या दिवशी त्यांनी तो तेवढा भाग कापून नवी गाठ मारली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी अमावस्या आली, मार्गशीर्षातली, म्हणजे आमच्या लातूर-धाराशिवकडची येळवस. या दिवशी गाव आणि शहर दोन्ही ओस पडतात आणि सगळे शेतात जातात. कडब्याच्या कोपीत पाच पांडवांची पूजा होते, भज्जी, उंडे आणि अंबील असते, आणि बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही बोलावून जेवायला बसवतात. मी लास पाल्मासलाच ज्वारीचे पीठ आणि कडधान्ये सोबत घेतली होती. दुधाच्या भुकटीचे दही लावून ताक केले, ज्वारीच्या पिठाची अंबील लसूण घालून शिजवली. भज्जीसाठी ओले सोले आणि मेथी कोठून आणणार? मोड आणलेले मूग-हरभरे, उरलेला कोबी आणि बेसन यांची केली. डुलणाऱ्या शेगडीवर ती नीट शिजली. काकूंनी पहिल्यांदा अंबील प्यायली आणि दुसऱ्यांदा मागितली. चमचाभर अंबील मी शिवारात शिंपडतात तशी दोन्ही बाजूंना समुद्रावर शिंपडली. त्या रात्री चंद्र नव्हता, आणि बोटीने कापलेल्या पाण्यात निळसर उजेडाची रेघ मागे लांबपर्यंत जाताना दिसत होती. बोलावून जेवायला बसवावे असे दुसरे कोणी मात्र जवळपास नव्हते, एवढीच उणीव राहिली.

सेंट लुसिया एका पहाटे दिसले. आधी उजवीकडे शेजारच्या मार्टिनिक बेटाच्या दिव्यांचा उजेड, मग समोर डोंगरांची गडद रेघ, आणि मग वाऱ्याबरोबर ओल्या मातीचा वास, जो मी कोणाच्याही आधी ओळखला. दुपारी आम्ही रॉडनी बेमध्ये शिरलो. काकांनी परदेशी बंदरात शिरताना लावायचा पिवळा झेंडा चढवला, आणि कस्टम्स-इमिग्रेशनचे कागद पुरे होईपर्यंत संध्याकाळ झाली. गावाकडे रात्रीचे अडीच-तीन वाजले असतील म्हणून मी थांबणार होते, पण आईचाच निरोप आलेला होता की कधीही पोचलीस तरी फोन कर. तिने वादळाचे विचारले नाही, माशांचे विचारले नाही. "पाणी पुरलं का गं?" एवढेच आधी विचारले. मी म्हणाले, पुरले, उरलेसुद्धा.

उरले होते ते साधारण साठ लिटर. टाक्या आता आतून धुवायच्या होत्या, तेव्हा ते काढून टाकणे भाग होते. धक्क्यावर पाण्याचा नळ होता, मीटर लावलेला, आणि भाचा नळी जोडायला निघाला होता. मी त्याला थांबवले. टाकीतले पाणी आम्ही बादल्यांत काढले आणि आधी त्यानेच सगळे दोर, कप्प्या आणि शिडांचे कोपरे मिठापासून मोकळे केले. नळ त्यानंतर उघडला.